रडत नाहीये, डोळे कोरडे आहेत!

ऑफिसात एखाद्या मुलीच्या डोळ्यांत पाणी दिसलं, की त्याची ब्रेकिंग न्यूज व्हायला किती वेळ लागतो? माझ्या हिशेबाने एक कॉफी ब्रेक. मशीनपाशी पोचेपर्यंत ‘पाणी आलं’चं ‘रडली’ होतं आणि लिफ्टपर्यंत ‘ढसाढसा रडली’!

माझी केस ऐका. पुण्यात खराडीच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे दिवसाचे नऊ तास स्क्रीनला डोळे लावून इतरांच्या चुका शोधायच्या. गेल्या वर्षी अप्रेझलची मीटिंग होती. डोक्यावर एसीचा झोत, समोर बारीक अक्षरांचा तक्ता आणि माझ्या डोळ्यांतून गंगा-यमुना. रेटिंग चांगलं होतं हो! पण मॅनेजरने हळूच टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला आणि आठवड्याभरात नव्या प्रोजेक्टची लीड दुसऱ्याच कुणाला तरी गेली. कारण? ‘सध्या तिच्यावर प्रेशर नको.’ किती ती काळजी!

तोवर त्रास बराच वाढला होता. दुपारी तीननंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. अक्षरं पुसट व्हायची, पापण्या मिटल्या की परत स्पष्ट. संध्याकाळी नुसती आग आग. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टर गाठल्या. त्यांनी तपासलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘तुमचे डोळे कोरडे आहेत.’’

‘‘अहो मॅडम, इथे धारा लागल्यात आणि कोरडे?’’

त्यावर त्यांनी थेट लोणच्याची बरणी काढली. उदाहरणातली हो! लोणच्यावर तेलाचा थर असतो तोवर ते टिकतं, बरोबर? डोळ्यांचंही तसंच. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही. बुबुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत भाग, मधे पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ थर. हे तेल पापण्यांच्या कडांमधल्या बारीक ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश माइबोम नावाच्या जर्मन डॉक्टरने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. प्रत्येक वेळी पापण्या मिटल्या की त्यातून थोडंसं तेल बाहेर येतं. ते घट्ट झालं किंवा अडकलं की डोळ्यावरचं पाणी भराभर उडून जातं. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, आणि मेंदूकडून ऑर्डर सुटते, ‘पाणी सोडा!’ मग पूर येतो. पण तो नुसत्या पाण्याचा. डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतो.

तपासण्या दोन झाल्या. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते बघतात. साधारण दहा मिलिमीटरच्या वर गेली तर पाणी पुरेसं. माझी आली १७. मग डोळ्यात नारिंगी रंग घालून, निळ्या उजेडात, पापण्या न मिटता बसायचं. अश्रूंचा थर दहा सेकंदांच्या आत फाटू लागला तर गडबड आहे. माझा चारच सेकंदांत फाटला. म्हणजे टाकी भरलेली, पण वर झाकण नाही!

आणि या सगळ्यात स्क्रीनचा हात मोठा. जपानी डॉक्टरांनी १९९३ मध्ये ऑफिसात काम करणाऱ्यांच्या पापण्यांची उघडझाप मोजून प्रसिद्ध केली. निवांत असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १०, आणि स्क्रीनवरचा मजकूर वाचताना फक्त ७. तेव्हा आपल्याकडे मोबाइल यायचा होता! शिवाय स्क्रीनसमोर आपण पापण्या पुरत्या मिटतही नाही, अर्ध्यावर नेऊन परत आणतो. मग तेल बाहेर येणार कसं?

उपाय ऐकून आमची आजी जाम खूश झाली. कारण पहिला उपाय शेक! रांजणवाडी आली की ती तळहातावर बोट घासून गरम करायची आणि पापणीला टेकवायची. डॉक्टरांनी तेच जरा शिस्तीत सांगितलं. स्वच्छ कापड कोमट पाण्यात पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं. गार झालं की पुन्हा भिजवायचं. चटका बसता कामा नये. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलक्या बोटाने चोळायची, कडा पुसायच्या. रोज. मात्र आजीची एरंडेलाची वाटी आणि गुलाबपाणी डोळ्यात घालायला चक्क मनाई.

दुसरं, ड्रॉप्स. टीममधल्या एकीने ‘लाली घालवणारे’ ड्रॉप्स आणून दिले होते. डॉक्टरांना दाखवले तर त्यांनी नाक मुरडलं. ते डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, लाली झाकतात, कोरडेपणा तसाच. सारखे वापरले तर लाली उलटून येते. स्टिरॉइडचे ड्रॉप्स तर सल्ल्याशिवाय नकोतच. त्यांनी डोळ्यांतला दाब वाढू शकतो. आपल्याला हवेत ते कृत्रिम अश्रू. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या.

तिसरं, बसण्याची जागा. मॉनिटर नजरेच्या थोडा खाली ठेवा, म्हणजे डोळे कमी उघडे राहतात. एसीचा झोत तोंडावर नको. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा आणि पापण्या पूर्ण मिटा. स्कूटरवर आपण पुणेकर मुली स्कार्फ बांधतोच, पण वारा अडवतो तो गॉगल. आणि फिश ऑइलच्या गोळ्या? २०१८ च्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत वर्षभर रोज तीन ग्रॅम घेणाऱ्यांना ऑलिव्ह ऑइलच्या गोळ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. तेवढे पैसे वाचले!

कॉन्टॅक्ट लेन्स, अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, पिंपल्सवरचं आयसोट्रेटिनॉइन यांनीही डोळे कोरडे पडतात. लेसिकचा विचार असेल तर आधी ही तपासणी कराच. तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा. मागे शोग्रेनसारखा आजार असू शकतो. डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अचानक कमी दिसायला लागलं, तर ड्रॉप्सवर भागवू नका, लगेच दाखवा.

महिना-दीड महिन्याने दुपारची वाळू कमी झाली. पूर्ण गेली नाही. हा दुखण्याचा प्रकार सांभाळायचा, दातांसारखा रोजच्या रोज. रिपोर्ट घेऊन मी मॅनेजरकडे गेले आणि लोणच्याच्या बरणीसकट सगळं समजावलं. ते दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, ‘‘माझ्याही डोळ्यांतून पाणी येतं, दुपारी.’’ गेलेली लीड परत आली नाही. पण माझी जागा एसीखालून हलली आणि पुढच्या प्रोजेक्टच्या चर्चेत माझं नाव आहे.

मराठीत आपण कौतुकाने म्हणतो, ‘पापणीही न लववता काम करते हो पोरगी!’ मला हे कौतुक नकोय. मी लववते. चांगली, पूर्ण मिटून. तुम्ही हे वाचताना किती वेळा लववलीत?