एक हाड मोडले, दुसरे तपासले का?

शेतकरी बंधू-भगिनींनो, पिकांवरचे रोग सांगणारा हा विस्तार अधिकारी आज हाडांवर का बोलू लागला, असे तुम्हांस वाटेल. पण तीस वर्षे बांधाबांधाने हिंडताना मी न वाकणारी कोपरे आणि वाकडी राहिलेली मनगटे पुष्कळ पाहिली. तळवा उताणा-पालथा होत नाही, कासरा धरवत नाही, भाकरी थापवत नाही, तेव्हा घर किती अडते ते तुम्ही जाणताच.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. एक करंगळीच्या बाजूचे, दुसरे अंगठ्याच्या. ती एका जुवाला जुंपलेल्या बैलजोडीसारखी आहेत. एक बैल पडला की दुसऱ्याच्या मानेला हिसका बसतोच. तसेच एक हाड मोडून सरकले, की दुसरे कोपरात किंवा मनगटात निखळण्याचा धोका असतो. मोड लक्षात येतो, निखळणे सुजेत दडते.

इटलीतील मिलानचे शल्यवैद्य मोंतेज्जा यांनी 1814 साली हे लिहून ठेवले. पडलेल्या एका मुलीचे करंगळीच्या बाजूचे हाड वरच्या भागात मोडले होते. महिन्याभराने पट्टी सोडली, तेव्हा दुसरे हाड कोपरातून निखळलेले आढळले. अंगठ्याच्या बाजूचे हाड खालच्या भागात मोडले, तर मनगटाचा सांधा निखळू शकतो. तो प्रकार गालेआत्झी यांच्या नावाने ओळखतात.

आमच्या भागात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा चिंचेवरून पडला. एका जाणत्याने लेप देऊन कामट्या बांधल्या. हाड जुळले, आईबाप निर्धास्त झाले. दोन महिन्यांनी पाहतो तो पोराला घास तोंडाशी नेता येईना. सांधा निखळलेलाच राहिला होता. पुढे मोठी शस्त्रक्रिया झाली, तरी हात पुरता वळला नाही.

म्हणून हात सुजला, वाकडा दिसला, कोपर वाकेना, तळवा फिरेना, मनगटाशी हाड वर आले किंवा बोटे उचलता येईनात, तर घरी उपाय करू नका. बांगड्या, अंगठी, दोरा आधी काढा. हात ओढू नका, चोळू नका. आहे त्या स्थितीत, कोपर व मनगट दोन्ही धरील अशी फळी सैल बांधून हात झोळीत घ्या. भूल द्यावी लागेल, म्हणून खायला देऊ नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

लहान मुलांना वेळेवर नेले तर बहुधा सांधा बसवून प्लॅस्टरवर भागते. मोठ्या माणसाला मात्र बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी व स्क्रू बसवावे लागतात. त्याला भिऊ नका.

प्लॅस्टरनंतर बोटे गार, पांढरी वा बधीर पडली, किंवा ती सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. आवळलेल्या पट्टीखाली काही तासांत स्नायू मरतात आणि बोटे कायमची आखडतात.

आणि एक्स-रे काढताना एवढे जरूर विचारा, “साहेब, कोपर आणि मनगट दोन्ही फोटोत आले का?” बियाणे घेताना आपण पिशवीवरची तारीख वाचून घेतो. मग पोटच्या पोराच्या हातासाठी एक प्रश्न विचारायला संकोच कशाचा?