दाखवायचं की लिहायचं?

आर्किटेक्चरची पदवी घेऊन १९९१ साली पुण्यातल्या एका ऑफिसात लागले, तर तिथे डिझाइनबद्दल कुणी बोलेचना. बोलणं सगळं शाईचं. कुणाचं रोट्रिंगचं पेन तुंबलं, कुणाचं गळतंय. माझ्या शेजारच्या बोर्डावर ड्राफ्ट्समन काका बसत. त्यांच्याकडे पदवी नव्हती. पण जिना बसेना की सर त्यांच्याच बोर्डाशी येऊन उभे राहत.

"शाई कुठून सुरू करशील?" काकांनी विचारलं.

"भिंतींपासून."

"आधी कंस. कंसाला रेघ जुळते, रेघेला कंस जुळवताना रडशील. मग आडव्या रेघा वरून खाली, मग उभ्या डावीकडून उजवीकडे. ओल्या शाईवरून पट्टी फिरवायची नाही."

कॉलेजच्या पाच वर्षांत हे कुणीच कसं सांगितलं नव्हतं?

ट्रेसिंगला तळव्याचा घाम लागला की तिथे शाई धरत नाही, म्हणून आधी पावडर चोळायची. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची आणि ती जागा नखाने घोटायची, नाहीतर नवी शाई पसरते. रेघ काळीकुट्टच हवी, कारण अमोनिया प्रिंट काढताना शाईने जेवढा उजेड अडवला तेवढंच कागदावर उमटतं. फिकट रेघ साइटवर पोचतच नाही. पालिकेत द्यायच्या प्रिंट पुन्हा हाताने रंगवायच्या: नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं. पदवीधर बाई रंगपेटी घेऊन बसलेली!

खरी गडबडले ती रेघांच्या जाडीत. कापलेली भिंत ०.५ मिलिमीटरच्या पेनने, पलीकडे दिसणारी कड ०.३ने, मापांच्या रेघा ०.२ने. इथवर ठीक. २३० मिलिमीटरची भिंत १:५०ला साडेचार मिलिमीटरच्या आसपास येते, तेही ठीक. पण तिच्यावरचं १२ मिलिमीटरचं प्लास्टर? ते येतं पाव मिलिमीटर, म्हणजे भिंतीच्या रेघेच्याही निम्मं. मी बराच वेळ स्केल धरून बसले.

"काका, हे दाखवू कसं?"

"दाखवायचं नाही. लिहायचं."

मग ध्यानात आलं, शीटवर अर्धी इमारत रेघांत असते आणि अर्धी अक्षरांत. म्हणून तर काका अक्षरांसाठी माझ्यावर जास्त ओरडत. शिवाय कागदाचा भरवसा नाही, दमट हवेत तो फुगतो. त्यामुळे प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात ठरलेली सूचना असायची: लिहिलेली मापंच धरावीत, कागदावर मोजून काढू नयेत.

साइटवरचा मिस्त्री मात्र प्रिंट उघडली की पहिल्यांदा तिच्यावर टेप लावायचा.