शितावरून भात, आरंभावरून कथा?

शितावरून भाताची परीक्षा करावी, यास शास्त्रकार स्थालीपुलाकन्याय म्हणतात. जपानांत जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या सुमारास अ‍ॅनिमे म्हणजे चलच्चित्रांच्या नव्या कथामाला सुरू होतात. उरणास आमच्या घरीं नातवंडें याच न्यायानें पहिला भाग पाहून निकाल देतात.

सन २०२३ च्या शरदांतील दोन माला घ्या. 'द अपॉथेकरी डायरीज' हिची नायिका माओमाओ औषधें जाणणारी दासी. राजवाड्यांतील बालकांचें दुखणें प्रसाधनाच्या विषारी भुकटीमुळें आहे, हें ती पहिल्याच भागांत ओळखते. मुलें तत्काळ प्रसन्न झालीं.

'फ्रीरेन' निराळी. ही जादूगारीण हजारांवर वर्षें जगलेली. असुरराजाचा वध होऊन दहा वर्षांचा प्रवास संपतो, तेथें कथा सुरू होते! पन्नास वर्षांनीं ती परतते, तों सोबती हिमेल वृद्ध झालेला. पुढें तो वारतो. त्यास जाणून घेण्याचा यत्न आपण केला नाहीं, म्हणून ती रडते.

"यांत युद्ध कोठें?" म्हणून नातू उठूं लागला, आम्हीं त्यास बसविलें. प्रसारकांनींही २९ सप्टेंबर २०२३ रोजीं पहिले चार भाग सलग दाखविले, तें उगाच नव्हे. शितें एकाच आंचेवर शिजतात. कथा आणि माणसें सावकाश पिकतात.

चौथा भाग संपल्यावर नातवानें विचारलें, "आजोबा, तुम्ही शाळेंत शिकवीत होतां, तेव्हां कसे होतां?"

पानें वाढलेलीं होतीं. परंतु त्या रात्रीं कोणीं घाई केली नाहीं.