लोणा

गेल्या श्रावणात शेजारच्या घरातील एक मुलगी, महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकणारी, कुंडी घडविण्याचे काम शिकावे म्हणून माझ्याकडे येऊ लागली, आणि काही महिन्यांनी तिने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात वाढविलेली दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची रोपे माझ्या ओसरीवर आणून, माझ्या हातच्या कुंडीत त्याच बियांपासून उगवलेल्या रोपांशेजारी निमूटपणे ठेवून दिली. तिची रोपे रुपयाएवढी पसरली होती आणि पानांवरील केसांच्या टोकाटोकाला चिकट थेंब लाल चमकत होते. माझी रोपे जिवंत होती, इतकेच. ती काही बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर दिले असते. कचेरीत दप्तर सांभाळण्यात हयात गेलेल्या माणसाला कोणत्याही तक्रारीवर कैफियत लिहिता येते.

तीस वर्षे मी ज्या एका गोष्टीभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत आलो, ती गोष्ट म्हणजे लोणा. भाजलेल्या कुंडीच्या काठाखाली प्रथम धुक्यासारखी, मग पिठासारखी आणि अखेरीस खरजेसारखी उमटणारी ती पांढरी रेघ तुळशीच्या किंवा मोगऱ्याच्या कुंडीवर आली तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. परंतु कास पठाराच्या कातळावर, पावसाने सारे सत्त्व धुऊन नेलेल्या ओंजळभर मातीत, 'सीतेची आसवे' या फुलांच्या शेजारी जन्म काढणाऱ्या आणि जमिनीत अन्न नाही म्हणूनच किड्यांवर गुजराण करणाऱ्या दवबिंदूच्या कुळाला क्षार म्हणजे विष. पावसाचे पाणी हंड्यात साठवून वर्षभर पुरविण्याची तजवीज करावी, आणि ते ज्या भांड्यात घालावे त्या भांड्यानेच त्यात आपल्या पोटातील चुना मिसळावा, याला घरभेदीपणा याखेरीज दुसरे नाव नाही.

डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की, अमोनियाच्या फॉस्फेटचा, एका ग्रेनच्या सुमारे दोन कोटीव्या भागाइतका अंश लाभला तरी दवबिंदूचा केस वाकतो. ते फॉस्फेट होते, चुना नव्हे, हा भेद मला कळतो. तरीही ज्या दिवशी ते वाचले त्या दिवसापासून माझ्या कुंडीतून झिरपणारा प्रत्येक कण ते रोप मोजीत आहे, अशा समजुतीने मी रात्री जागा राहू लागलो. क्षार मोजणारे ते पेनासारखे यंत्र मी पुढे विकत घेतले. पावसाचे पाणी हंड्यात असताना आकडा ९ यायचा. तेच पाणी माझ्या कुंडीत आठ दिवस ठेवले की १४० वर जायचा. ५० च्या वर गेले की जाणते लोक पाणी ओतून देतात.

दोष मातीचा, असे मी प्रथम ठरविले, आणि ते निम्मे खरे होते. आमच्या देशावरच्या काळ्या गाळात चुनखडीचे खडे इतके की, चाळणीतून निसटलेला एखादा खडा भट्टीत भाजून निघतो, पुढे दमट हवा पिऊन फुगतो आणि कुंडीच्या अंगाची खपली उडवितो. म्हणून मी घाटाखालून जांभ्याची तांबडी माती पोत्याने आणविली. मग ध्यानात आले की, माती तडकू नये म्हणून परंपरेने मी तिच्यात घोड्याची लीद आणि राख कालवीत होतो, आणि राख म्हणजे तर क्षारांचे आगर! राख वगळली, कुंड्या तडकल्या. राख धुऊन घातली. आकडा १४० वरून ९० वर आला. तेवढ्यावर मी आठवडाभर जेवताना गुणगुणत होतो. परंतु खरी अडचण आचेची आहे. माझ्या परसातल्या लाकडावरच्या आव्यात ९०० अंशांपलीकडे मजल जात नाही, आणि मातीचे अंग घट्ट मिटून काचेसारखे व्हायला १२०० च्या आसपासची आच लागते. तोवर कुंडी पाणी पीतच राहणार, बाहेरून वारा ते उडवीत राहणार, आणि मागे रेघ राहणार.

याच गावात एक गृहस्थ आहेत. ते जुन्या बाजारातून लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आणून त्यांच्या बुडाला भोके पाडतात आणि 'माझ्या कुंड्या' म्हणून मिरवितात. त्यांची घटपर्णी डौलदार वाढते, हे मला कबूल केले पाहिजे. परंतु भोक पाडणे ही कारागिरी असेल तर उंदरालाही कारागीर म्हणावे लागेल. दुसरे एक जण सिमेंटच्या कुंड्या ओततात. त्यांच्याविषयी मी लिहिणार नाही; त्यांच्या रोपांनीच काय ते सांगितले आहे.

आता जे सांगायचे ते मी टाळीत आलो आहे. काही वर्षांपूर्वी एका पुष्पप्रदर्शनात माझ्या सात कुंड्या मांडल्या होत्या, आणि परीक्षक येण्याच्या आदल्या रात्री मी पितळेच्या तारांचा ब्रश आणि वाटीभर व्हिनेगर घेऊन सातही कुंड्यांवरील लोणा खरवडून काढला, त्यावर गेरूचा हलका हात फिरविला. बक्षीस मिळाले. प्रशस्तिपत्रात 'निर्दोष' असा शब्द होता आणि ते मी चौकटीत घालून ओसरीवर लावले. नेमके त्याच चौकटीखाली तिने तो श्रीखंडाचा डबा ठेवला होता.

तीन दिवस मी तिला चाकाला हात लावू दिला नाही. माती मळायला बसविले. चौथ्या दिवशी तिनेच विचारले, "आजोबा, कुंडी कोणासाठी करायची, रोपासाठी की माणसांसाठी?" मी म्हटले, "पोरी, आधी माती नीट मळ." तिने मळली. तिचे मनगट माझ्यापेक्षा स्थिर आहे. माझा उजवा अंगठा हल्ली काठाशी आला की थरथरतो आणि काठाला लाट पडते, तिला मी शोभेची नक्षी म्हणतो.

सध्या मी नवी कुंडी करीत आहे. तिचे पोट नेमके श्रीखंडाच्या अर्ध्या किलोच्या डब्याएवढे आहे. डबा आत बसावा, त्याचा काठ बोटभर खाली राहावा आणि वर शेवाळ पसरले की प्लॅस्टिकचा मागमूस दिसू नये, असा बेत. पाणी डब्यात राहील, मातीला त्याचा स्पर्शही होणार नाही, म्हणजे लोणा येण्याचे कारणच उरत नाही. पहिल्या तीन कुंड्या आव्यातून निघाल्या, तेव्हा मातीच्या आकसण्याचा हिशेब चुकल्याने डबा आत उतरेना. मुलीने डब्याचा काठ कात्रीने कापून तो बसविला. तो कोठे कापला आहे, हे कोणाला सांगू नकोस, असे मी आता तिला बजावून ठेवले आहे.