बोटीने जाणारं बिऱ्हाड

विमानाच्या प्रवासात वजनकाट्याची धास्ती. बोटीच्या सामानाला ती नाही. इथे पैसे जागेचे. दुसऱ्यांच्या सामानासोबत एकाच कंटेनरात आपलं सामान गेलं, की हिशेब घनमीटरवर होतो, आणि घनमीटरमागे १००० किलोपर्यंत वजनाचं सहसा कोणी विचारत नाही. म्हणून खलबत्ता, बिडाचा तवा, पितळी परात, पुस्तकं खुशाल न्या. महाग पडतो तो सोफा. त्याची निम्मी जागा हवाच खाते.

आख्खा २० फुटी कंटेनर साधारण ३३ घनमीटरचा. दोन खोल्यांच्या घराला तो मोठाच.

ऑस्ट्रेलियाला निघालेल्यांनी केरसुणी इथेच ठेवावी. तिकडचे जैवसुरक्षा अधिकारी खोकी उघडून बघतात: बुटाच्या तळाची माती, सायकलच्या टायरमधला चिखल, साल न काढलेलं लाकूड, बियांच्या माळा. साफसफाई करावी लागली तर खर्च आपल्याच माथी. पोळपाटाला भुंग्याची भोकं नाहीत ना, ते उजेडात धरून बघा. ‘तुळशीचं बी चिमूटभर टाक गं’ असं आत्या म्हणणारच. यादीत न लिहिता टाकलंत, तर दंडाची तयारी ठेवा.

लाकडी पेटी केलीत तर तिच्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का शोधा. शेजारी ‘एचटी’ असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं असतं. कीड मरावी म्हणून.

मिक्सर? ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच २३० व्होल्टची वीज, प्लग बदलला की झालं. अमेरिकेत १२०. तिथे ट्रान्सफॉर्मरचं धूड ओट्यावर मांडण्यापेक्षा तिकडच्या विजेवर चालणारा देशी मिक्सर तिथेच घ्यावा.

पणजीची समई, जुनी मूर्ती यांचं वय आधी काढा. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभरी ओलांडलेली पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मोलाच्या हस्तलिखिताला तर ७५ वर्षंच पुरतात. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला घ्यावा.

काचेची भांडी स्वतः बांधण्यात पैसे वाचतात खरे, पण घरी बांधलेल्या खोक्यातल्या फुटतुटीची भरपाई बऱ्याच विमा पॉलिसींत मिळत नाही. आणि यादीत ‘किचन सामान’ एवढंच लिहू नका. ‘स्टीलचे डबे ६, कुकर १’ असं लिहा. कस्टमला तेच लागतं, विम्यालाही.

मूळ गुणपत्रिका, दागिने, औषधं आणि या यादीची एक प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. न्हावाशेवाहून बोट सुटली, की पुढचे कित्येक आठवडे त्या खोक्यांपर्यंत आपला हात पोचत नाही.