मूळव्याध : दुखत नाही म्हणून सोडून दिलेलं रक्त

त्या बाई आल्या होत्या दम लागतो म्हणून. राहायला बदलापूरला, नोकरी दादरला. हिमोग्लोबिन ६.८. चार महिन्यांपूर्वीही ते कमीच होतं, तेव्हा मी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. पाळीबद्दल विचारलं होतं, शौचाबद्दल नाही.

या वेळी विचारलं. आधी गप्प, मग म्हणाल्या, "दोन वर्षं रक्त पडतंय, डॉक्टर. पण दुखत नाही, म्हणून सोडून दिलं."

मूळव्याध फसवते ती इथेच. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. सतत जोर केल्याने त्या फुगतात, खाली सरकतात. पुढे कोंब हाताला लागतो. आतल्या भागाला वेदना कळत नाही, त्यामुळे लालभडक रक्त ठिबकतं आणि दुखत मात्र नाही. काचेने चिरल्यासारखं दुखत असेल तर बहुधा फिशर असतो. आपल्याकडे दोन्हीला मूळव्याधच म्हणतात.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. लोकलमध्ये संडास नाही, म्हणून सकाळी पाणी प्यायचं नाही. ऑफिसात जायची लाज, म्हणून कळ दाबायची. मग शौचाला खडा होतो आणि जोर करावा लागतो. दोन बाळंतपणांनी आधीच त्या शिरांवर ताण आलेला. त्यात माझ्या लोहाच्या गोळ्या, ज्यांनी बद्धकोष्ठ वाढतं! हे मला अजून बोचतं.

सर्जनने दुर्बिणीने आत पाहिलं. मूळव्याधच होती. रबर बँड लावून कोंब बांधले, लोह शिरेतून दिलं. बाकी पाणी, पालेभाजी, रात्री इसबगोल, आणि संडासात मोबाईल नेणं बंद.

पण प्रत्येक रक्त मूळव्याधीचं नसतं. चाळिशी उलटली असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल, तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून कॅन्सर नाही ना, हे पाहावंच लागतं. डांबरासारखा काळा मल म्हणजे रक्त वरून, जठराकडून येत असू शकतं. (लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, म्हणून चालू औषधं सांगा.) 'एका इंजेक्शनात मूळव्याध गायब' अशी पत्रकं वाटणारे यातलं काही विचारत नाहीत.

गेल्या आठवड्यात त्या शेजारणीला घेऊन आल्या. "फक्त मलम लिहून द्या, तपासायला नको," शेजारीण म्हणाली. मी काही बोलायच्या आत बाईंनीच तिला सांगितलं, "अगं, पाच मिनिटं लागतात. सिस्टर असतात सोबत."