मिझुकीबद्दल मी चुकीचं लिहिलं

‘ॲनिमेतून नाव झालं, म्हणून कंपनीने तिला गायिका केलं.’ जपानी व्हॉइस आर्टिस्ट नाना मिझुकीबद्दलचं हे वाक्य मी एका छोट्या नियतकालिकातल्या लेखात मोठ्या खात्रीने लिहिलं होतं. एकही तारीख मी तपासली नव्हती. पात्रांना आवाज देणारी माणसं गातात ती मालिकेच्या जाहिरातीपुरती, असं मी धरूनच चालले होते.

खरा क्रम उलटा होता. एहिमे प्रांतातल्या निइहामा शहरात १९८० साली जन्मलेल्या मिझुकीला वडिलांनी लहानपणापासून एन्का शिकवलं. एन्का म्हणजे विरह, गाव, आठवणी यांत रमणारी, गळ्याची कसोटी पाहणारी जपानी गायकी. गायिका व्हायचं म्हणूनच ती टोकियोला आली. पात्रांना आवाज देण्याचं काम त्यानंतर, १९९८ मध्ये, एका व्हिडिओ गेमपासून सुरू झालं आणि डिसेंबर २००० मध्ये तिचं पहिलं गाणं आलं.

दुसरी चूक कानाची. ‘नारुतो’ या ॲनिमे मालिकेतल्या हिनाताला मिझुकीचा आवाज आहे; त्या पात्राचं चाचरत बोलणं मला सोपं काम वाटलं होतं, कारण माझं सगळं लक्ष सबटायटल वाचण्यात असायचं. ती बंद करून तेच प्रसंग पुन्हा ऐकले, तेव्हा शब्दाआधी अडलेला श्वास ऐकू आला. हळू आवाजातही एकेक अक्षर स्पष्ट होतं. एवढा ताबा रियाजाशिवाय येत नाही.

तिसरी चूक सगळ्यात जास्त लागली. ‘इटर्नल ब्लेझ’ या २००५ च्या गाण्याला मी जाहिरातीचं गाणं म्हटलं होतं. ‘लिरिकल नानोहा’च्या दुसऱ्या मालिकेचं हे शीर्षकगीत तिने स्वतः लिहिलं आहे, आणि त्याच मालिकेतल्या फेट या मुलीला आवाजही तिचाच आहे. पात्र आतून ओळखणारी बाई त्या पात्राच्या जगाचं गाणं लिहीत होती. २००९ मध्ये तिचा ‘अल्टिमेट डायमंड’ हा अल्बम ओरिकॉन या जपानी विक्री-क्रमवारीच्या यादीत पहिला आला. व्हॉइस आर्टिस्टच्या अल्बमला हा मान पहिल्यांदाच मिळाला. त्याच वर्षअखेरीस ती जपानच्या एनएचके वाहिनीच्या ‘कोहाकू’ या मानाच्या कार्यक्रमात गायली आणि २०११ मध्ये टोकियो डोम या स्टेडियममध्ये.

दुरुस्ती पुढच्या अंकात छापून आणली, पण ती चार ओळींचीच होती. पहिला लेख वाचलेल्या सगळ्यांपर्यंत ती पोचली नसणार. म्हणून इथे सविस्तर सांगते: मिझुकी आधी गायिका होती, आणि तिचा अभिनय ऐकायचा तर तिचं गाणं बाजूला ठेवून चालत नाही.